झोपाळ्याच्या सागवानावर काळी बुरशी: मिस्त्री म्हणतो डार्क स्टेन मारून टाकू, मारू द्यावा का?

झोपाळावाली · ४ ऑक्टोबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, बडोद्याच्या अकोट्यातून लिहितेय. आमच्या पडवीत सासऱ्यांच्या वेळचा सागवानी झोपाळा आहे, पितळी साखळ्यांचा, मोर-हत्तीवाल्या. सकाळचा चहा, पेपर, भाजी निवडणं, दुपारची डुलकी, सगळं त्याच्यावर. पडवी पश्चिमेला उघडी आहे त्यामुळे पावसाचा झोत थेट पाटावर येतो आणि या वर्षी तर पाट सुकायला उसंतच मिळाली नाही. गेल्या आठवड्यात साफसफाईला काढला तर पाटाच्या खालच्या अंगाला सगळीकडे काळे ठिपके, बोट फिरवलं की बोटाला काळं लागतं आणि वास पण येतो कोंदट, बंद कपाटात येतो तसा. वरच्या बाजूला जुनं पॉलिश हात ठेवायच्या जागी उडालंय, तिथे लाकूड करडं पडलंय. खिळ्यांच्या भोवती वेगळीच काळी-निळी वर्तुळं दिसतात.

पॉलिशवाल्या मिस्त्रीला दाखवलं तर तो म्हणाला बेन, थोडा काचपेपर मारी दइए ने डार्क वॉलनट स्टेन, कशुं देखाशे नहीं. दिसणार नाही हे खरं असेल पण मला ते पटत नाहीये, आतलं तसंच राहणार ना? दिवाळी तोंडावर आलीय, सासूबाईंना झोपाळा तोवर लागलेला हवाय. कुणी हे काम नीट केलं असेल तर सांगा, आधी काय धुवायचं, कशाने धुवायचं, किती वाळवायचं. घरात लहान मुलं त्याच पाटावर लोळतात हे पण लक्षात घ्या.

रंधा_करवत · ४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

ताई, मारू देऊ नका. स्टेनने बुरशी मरत नाही. तेलातला स्टेन लाकडाच्या रंध्रात शिरायला हवा, मध्ये बुरशीचा थर असला की तो त्या थरावरच बसतो, आणि बऱ्याच स्टेनमध्ये जवसाच्या जातीचं तेल असतं ते बुरशीला खाद्यच आहे. डार्क रंगाखाली एक हिवाळा-उन्हाळा लपेल, पुढच्या जुलैत त्याच जागी वर येईल आणि तेव्हा सगळा स्टेन खरवडून काढायचं काम वाढेल.

पण आधी एक करा, काळं दिसतं ते सगळं बुरशी आहे असं धरून चालू नका. तुमच्या वर्णनातच मला तीन वेगळ्या गोष्टी दिसतायत. खालच्या अंगाचे ठिपके, बोटाला लागणारे, वासाचे, ती बुरशी. हाताच्या जागचं करडं म्हणजे उन्हाने लाकडातलं लिग्निन (तंतूंना धरून ठेवणारं द्रव्य) तुटून वरचा थर मेलाय, ती बुरशी नाही, तो थर घासून आणि धुऊन जातो. खिळ्यांभोवतीची काळी-निळी वर्तुळं म्हणजे लोखंड आणि सागातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) यांचा ओलाव्यात संयोग होऊन पडलेला डाग, त्याच्यावर बुरशीचा इलाज केला तर तो ढिम्म हलणार नाही. कुठे हिरवट असेल तर ते शेवाळ.

खात्री कशी करायची, घरातलं कपड्यांचं साधं ब्लीच घ्या, कापसाने एक थेंब ठिपक्यावर टेकवा, मिनिट-दोन मिनिटं थांबा. ठिपका फिका पडला तर बुरशी. तसाच काळा राहिला तर मळ नाहीतर लोखंडाचा डाग. प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या जागी करा.

आणि हो, एक बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन खालून सगळीकडे टोचून बघा, विशेषतः साखळीचे कडे जिथे पाटात जातात तिथे. टोक आत रुतलं, लाकूड भुसभुशीत लागलं तर ती नुसती वरची बुरशी नाही, लाकूड कुजतंय.

वाडा_दांडियाबाजार · ५ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

आमच्या वाड्यात आजोबा दर दसऱ्याला खिडक्यांच्या झडपांना जवसाचं तेल लावायचे, कच्चं, फडक्याने चोळून, आणि त्या झडपा अजून टिकून आहेत. एवढी केमिकलं कशाला, सागवान आहे, त्याला तेल द्या आणि सोडा.

रंधा_करवत · ५ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

दादा, तुमच्या झडपा टिकल्या यात शंका नाही आणि आजोबांची शिस्त त्याला कारण आहेच, पण त्या झडपा दुसऱ्या मजल्यावर उन्हा-वाऱ्यात उघड-बंद होतात, पाऊस थांबला की तासाभरात सुकतात. ताईंचा पाट खालून सावलीत, वारा नाही, फरशीवरून ओल वर येते. अशा जागी कच्चं जवस लावलं की ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं, धूळ धरतं आणि त्याच्यावर काळी बुरशी अगदी जोमात येते. बुरशी आधीच बसलेली असताना तर अजिबात नको.

केमिस्ट_काका · ५ ऑक्टोबर, दुपारी १२:४५

माझी नोकरी नंदेसरीच्या केमिकल पट्ट्यात झाली, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहितो, कारण घरोघरी लोक हे चुकीच्या पद्धतीने करतात आणि दवाखान्यात जातात.

दुकानात बाटलीत मिळतं ते ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, साधारण ४ ते ५ टक्के, लेबल वाचून घ्या. एक भाग ब्लीच आणि तीन भाग कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचं एखादं टोपण, बस. कॅनमध्ये सुटं मिळणारं हायपो १०-१२ टक्क्यांचं असतं, ते आणलंत तर पाणी दुपटीहून जास्त घालावं लागेल. आणि ताजं आणा, उन्हात पडलेल्या जुन्या कॅनमध्ये जोर उरलेला नसतो. ब्लीचिंग पावडर आणू नका, ती कॅल्शियमची असते, लाकडाच्या रेषांमध्ये पांढरी चुनखडी बसते, ती काढता काढता जीव जातो.

ब्रशने लावा, दहा-पंधरा मिनिटं ओलं ठेवा, सुकू देऊ नका, मग नायलॉनच्या मऊ ब्रशने रेषांच्या दिशेने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. तारेचा ब्रश वापरू नका, तारेचे कण लाकडात राहतात आणि पुढच्या पावसात प्रत्येक कणाभोवती काळा ठिपका पडतो. मग तुम्ही पुन्हा म्हणाल बुरशी आली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्लीचमध्ये बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड कधीही, थेंबभरसुद्धा, मिसळायचं नाही, क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर पण नाही. व्हिनेगर पण नाही, लोक व्हिडिओ बघून दोन्ही एकत्र ओततात. काम उघड्यावर करा, हातमोजे, चष्मा, जुने कपडे, मुलं आणि कुत्रं-मांजर लांब. पितळी साखळ्या आणि कडे आधी काढून ठेवा, ब्लीच पितळेला खातं. काढता येत नसतील तर प्लास्टिक गुंडाळून टेप लावा.

गोत्रीची_बाग · ५ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

काका तुमचं सगळं बरोबर आहे पण सागावर क्लोरीनवालं ब्लीच मला नको वाटतं. ते बुरशीचा रंग उडवतं म्हणून साफ झाल्यासारखं दिसतं पण जोरात वापरलं तर लाकडाचा पण रंग उडतो, तंतू पिंजल्यासारखे होतात, आणि धुतलेलं पाणी कुंड्यांत गेलं की झाडं करपतात. मी गच्चीवरच्या सागाच्या बाकाला ऑक्सिजनवालं वापरते, सोडियम परकार्बोनेट, पांढरे दाणे येतात, ऑनलाइन सुटे मिळतात. लिटरभर कोमट पाण्यात ५०-६० ग्राम, विरघळलं की फेस येतो, लगेच लावायचं, पंधरा-वीस मिनिटं ओलं ठेवायचं, घासायचं, धुवायचं. बुरशीबरोबर करडा मेलेला थर आणि मळ पण निघतो, ब्लीचने मळ तसाच राहतो. खालून गढूळ तपकिरी पाणी वाहतं, ते बघूनच समाधान होतं.

एकच, केलेलं पाणी त्याच दिवशी वापरून संपवा, बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका, आत वायू होत राहतो, बाटली फुटते.

केमिस्ट_काका · ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:०२

गोत्रीताईंशी सहमत, सबंध पाटासाठी परकार्बोनेटच चांगलं. हायपो मी फक्त जिथे ठिपके खोल आणि दाट आहेत तिथे ठेवीन. पण दोन्ही एकाच वेळी नाही, एकाने धुवा, पूर्ण पाणी मारा, सुकू द्या, मग गरज वाटली तरच दुसरं. परकार्बोनेटने सागाचा रंग जरा काळपट होतो, घाबरू नका, ते अल्कली आहे, टॅनिनवर चढतं. त्यावरचा उतारा खिळ्यांच्या डागांवरच्या इलाजातच आहे, तो ताईंची टेस्ट झाली की सांगतो.

वाडा_दांडियाबाजार · ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:४०

एक शंका. आमच्याकडे संखेड्याचा पण झोपाळा आहे, लाल-सोनेरी, त्यालाही पायांशी जरा काळं दिसतंय, हेच चालेल का?

रंधा_करवत · ५ ऑक्टोबर, रात्री ८:१५

नाही नाही, त्याला हात लावू नका. संखेड्याचं काम खरादावरचं असतं, वर लाखेचा थर असतो, सोडा किंवा परकार्बोनेट लागलं की लाख सुटते, स्पिरिटने तर विरघळतेच, नक्षीसकट जाईल. ते फक्त घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचं आणि पावसात बाहेर ठेवायचं नाही. फार असेल तर ज्यांचं ते काम आहे त्या कारागिरांनाच दाखवा.

झोपाळावाली · ६ ऑक्टोबर, सकाळी ११:२५

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं तपशीलवार कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. टेस्ट केली. पाटाच्या खालचे ठिपके मिनिटभरात फिके पडले, म्हणजे बुरशी. खिळ्यांची वर्तुळं जशीच्या तशी. हाताच्या जागचं करडं ब्लीचने फार बदललं नाही.

पण स्क्रूड्रायव्हरने टोचताना एक गोष्ट सापडली. पाटाच्या खाली दोन आडव्या पट्ट्या आहेत ज्यांच्यातून साखळीचे कडे वर येतात, त्यातली पश्चिमेकडची पट्टी कड्याच्या भोकाजवळ मऊ लागते, टोक सहज आत गेलं आणि बाहेर काढलं तर तपकिरी ओला भुगा टोकाला लागून आला. बाकी सगळीकडे लाकूड टणक आहे. हे किती गंभीर?

रंधा_करवत · ६ ऑक्टोबर, सकाळी ११:५०

ताई, रंग-स्टेन सगळं बाजूला ठेवा. झोपाळा आत्ताच्या आत्ता वापरणं बंद करा, मुलांना पण बसू देऊ नका. झोपाळ्याचा सगळा भार त्या चार भोकांवर येतो आणि झोका घेताना तो नुसत्या वजनाहून जास्त असतो. कड्याजवळ कुजलेली पट्टी म्हणजे एक दिवस कडा ओढून बाहेर येणार.

पाणी साखळीवरून ओघळत येतं, कड्यापाशी थांबतं, भोकात उतरतं आणि आत पॉलिश कधी पोचलेलंच नसतं. वरून सगळं छान दिसतं. साधारण २० टक्क्यांवर ओल गेली की बुरशी धरते आणि ३० च्या आसपास टिकून राहिली की कुजवणारी बुरशी कामाला लागते, ती लाकूडच खाते. भोकात ओल साठून राहते म्हणून तिथे आधी झालं.

ती पट्टी आख्खी बदला. भुगा काढून एम-सील भरणं, ठोकळा चिकटवणं असलं काही मिस्त्रीने सुचवलं तर नाही म्हणा, भार घेणाऱ्या जागी पुटिंग चालत नाही. जुन्या सागाची पट्टी मिळाली तर उत्तम, दांडियाबाजार-रावपुऱ्याकडे जुने वाडे पाडतात तिथलं लाकूड वखारीत येतं. पांढरट कडेचा भाग नको, गाभ्याचाच तुकडा बघून घ्या, सागाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो, बाहेरच्या पांढऱ्या लाकडात नाही. खिळे काढतच असाल तर परत लोखंडी ठोकू नका, पितळेचे किंवा स्टेनलेसचे स्क्रू लावा.

झोपाळावाली · ६ ऑक्टोबर, दुपारी १:३०

लगेच उतरवला. सासूबाईंना दाखवलं, त्या बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिल्या. परवाच धाकटा त्याच टोकाला उभा राहून झोके घेत होता. तुम्ही टोचून बघायला सांगितलं नसतं तर मिस्त्रीने वर स्टेन मारला असता आणि आम्ही खुशाल बसलो असतो. दादा, खरंच खूप उपकार झाले.

समा_सावली · ६ ऑक्टोबर, रात्री ९:०५

माझा प्रश्न इथेच विचारते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या सोसायटीत विश्वामित्रीचं पाणी शिरलं, मुख्य दरवाजा बरेच तास पाण्यात होता. नंतर वाळवून ऑइल पेंट मारला, पण पावसाळ्यात खालच्या वीतभर भागात पेंटच्या आतून काळं उठतं आणि पेंट फुगतो. दरवाजा जुना आहे, घर घेतलं तेव्हा त्याच्यावर पेंटचे बरेच थर होते.

केमिस्ट_काका · ६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

ताई, दरवाजाची खालची कड बघा, जी उंबऱ्याला घासते. नव्याण्णव टक्के ती कोरी असणार, कारण पेंट मारताना दरवाजा बिजागरीतून कुणी काढत नाही. लाकूड त्या कापलेल्या टोकातून बाकी अंगापेक्षा कितीतरी पटीने पाणी ओढतं. वरून ऑइल पेंटने बंद केलंत की आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नाही, आतल्या आत बुरशी. दरवाजा उतरवा, खालचा फुगलेला पेंट काढा, महिनाभर आडवा ठोकळ्यांवर ठेवून वाळू द्या, मग धुणं-मारणं, आणि खालची कड सगळ्यात आधी सील करा.

पेंट जुना असेल तर कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या अखेरीस लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, ती धूळ मुलांना फार वाईट. ओला करून खरवडा, खाली प्लास्टिक पसरा, खरवड गोळा करून पिशवीत बांधा. आणि पुराचं पाणी गटारासकट आलेलं असतं, म्हणून धुताना मोजे-मास्क सोडू नका.

इंदूरी_राजेंद्रनगर · ७ ऑक्टोबर, सकाळी ७:५५

इंदूरहून नमस्कार. आमच्या गच्चीवर चिडाच्या लाकडाचा मांडव केलाय, पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड, सुतार म्हणाला साल-दोन साल काही होणार नाही, पहिल्याच पावसाळ्यात निळं-काळं. शेजारी सागाचा दरवाजा त्याच पावसात भिजतो, त्याला काहीच नाही. दोन्हीवर एकच वॉर्निश मारलं होतं.

रंधा_करवत · ७ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

सागाच्या गाभ्यात त्याची स्वतःची तेलं आणि बुरशीला न मानवणारी द्रव्यं असतात. चिडाच्या बाहेरच्या लाकडात साखर-स्टार्च भरपूर, बुरशीला मेजवानी. तुमचं निळं आहे ते बहुतेक आतपर्यंत गेलेला निळा डाग, तो ब्लीचने पूर्ण जाणार नाही, लाकूड मात्र त्याने कमजोर होत नाही. काळं धुऊन काढा, आणि तिथे पारदर्शक वॉर्निश न मारता रंगद्रव्य असलेला बाहेरचा स्टेन मारा, ऊन अडवायला रंगच लागतो. इंदूरला पावसाळा संपला की हवा लवकर कोरडी होते, तेवढा तुमचा फायदा.

झोपाळावाली · ९ ऑक्टोबर, रात्री १०:३०

पट्टी बदलून मिळाली, वखारीतल्या जुन्या सागाची, स्टेनलेस स्क्रूनी बसवली. आता मिस्त्रीचं म्हणणं आहे की आधी मशीनने घासून घेऊ, बुरशी आपोआप निघून जाईल, धुवायची गरजच नाही. आणि धुतलं तर दिवाळीपर्यंत वाळेल का?

रंधा_करवत · ९ ऑक्टोबर, रात्री ११:१५

बुरशीवर कोरडं मशीन फिरवू नका, सगळे बीजाणू हवेत उडतात, मिस्त्रीच्या छातीत जातात आणि तुमच्या पडवीभर पसरतात. जुनं पॉलिश आहे तिथे ते आधी काढावंच लागेल, कारण पॉलिशखालच्या बुरशीला औषध लागतच नाही, पण ते ओलं करून खरवडा, एन-९५ मास्क लावून. मग परकार्बोनेटने धुणं, मग वाळवणं, आणि घासणं त्याच्यानंतर. धुतल्यावर तंतू उभे राहतात ते ८० आणि मग १०० किंवा १२० नंबरने रेषांच्या दिशेने बसवायचे. २२०-३२० पर्यंत जाऊ नका, लाकूड इतकं गुळगुळीत झालं की स्टेन आत शिरत नाही. आणि गाडी धुवायचं प्रेशर मशीन पण नको, सागाचा मऊ भाग उडून रेषा-रेषा वर येतात.

वाळण्याचं म्हणाल तर इथे घाई केली की सगळं पाण्यात. स्टेन मारताना लाकडात १५ टक्क्यांहून कमी ओल पाहिजे. भर पावसाळ्यात बडोद्याच्या हवेत ८०-८५ टक्के दमटपणा असताना लाकूड नुसतं पडून राहिलं तरी १६-१८ टक्क्यांवरच थांबतं, म्हणजे ऑगस्टमध्ये कितीही वाट बघा, ते सुकणारच नाही. आत्ता ऑक्टोबरची कोरडी हवा आहे, सावलीत, वाऱ्यात, खाली ठोकळे ठेवून उभा-आडवा फिरवत ठेवला तर होईल. कडक उन्हात ठेवू नका, पाट वाकेल, चिरा जातील.

ओल मोजायचं मीटर नसेल तर रात्री पाटावर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा, सकाळी आतून दव दिसलं तर अजून ओला. दव नसेल तर वर पाण्याचा थेंब टाका, थेंब लगेच शोषला गेला तर लाकूड स्टेन घ्यायला तयार. थेंब तसाच मोत्यासारखा उभा राहिला तर कुठेतरी जुनं पॉलिश शिल्लक आहे.

माझं स्पष्ट मत, दिवाळीला कोरा पाट लावा, स्टेन नंतर मारा.

केमिस्ट_काका · १० ऑक्टोबर, सकाळी १०:००

आता खिळ्यांचे डाग. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणा, मार्बल पॉलिशवाले वापरतात ती पांढरी दाणेदार पूड, कुठल्याही मोठ्या हार्डवेअरवाल्याकडे मिळते. परकार्बोनेटने धुऊन, साध्या पाण्याने पूर्ण धुऊन झाल्यावर, लिटरभर कोमट पाण्यात ५०-६० ग्राम, प्लास्टिकच्या भांड्यात, लोखंडी बादलीत नाही. नुसत्या डागावर लावू नका, सबंध पाटावर एकसारखं लावा नाहीतर डागाच्या जागी गोरे चट्टे उठतात. वीसेक मिनिटांत काळं-निळं विरघळताना दिसेल आणि परकार्बोनेटने आलेला काळपटपणा पण उतरून सागाचा मूळ मधाळ रंग वर येईल. मग पुन्हा भरपूर पाणी, दोन-तीन वेळा. खिळे आत राहिले तर डाग परत येणार, ते काढलेत हे उत्तम.

हे विषारी आहे, पोटात जाता कामा नये. मुलं झोपल्यावर करा, उरलेली पूड लेबल लावून कुलपात ठेवा, साखरेसारखी दिसते म्हणून सांगतोय. सुकलेल्या पाटावर पांढरी भुकटी राहिली असेल तर न धुता घासू नका, ती नाकात जाते.

गोत्रीची_बाग · १० ऑक्टोबर, सकाळी ११:३०

परकार्बोनेटनंतरचं धुणं झालं की मी जिभेने नाही पण हाताने तपासते, ओल्या लाकडावरून हात फिरवला आणि बुळबुळीत लागलं तर अल्कली अजून आहे, आणखी पाणी मारायचं.

झोपाळावाली · १९ ऑक्टोबर, रात्री ९:४५

धुऊन झालं. परकार्बोनेटचं पाणी खालून चहाच्या रंगाचं वाहत होतं. ऑक्झॅलिक लावल्यावर खिळ्यांभोवतीची वर्तुळं कडेकडून आत आत विरत गेली, मधे फक्त भोक उरलं, सासूबाई खुर्ची घेऊन समोर बसून बघत होत्या. म्हणाल्या लग्न होऊन आले तेव्हा पाट या रंगाचा होता. त्यांनीच ठरवलं, दिवाळीला झोपाळा कोराच लागेल, वर सतरंजी घालू. मिस्त्रीलाही हा रंग बघून पटलं, आता तोच म्हणतो डार्क नको.

आता सांगा, मारायचं काय? दुकानदार मेलामाइन म्हणतोय, मिस्त्री बाहेरचं पीयू (पॉलीयुरेथेन) म्हणतोय, भाऊ म्हणतो चपडीचं पॉलिश कर, पारंपरिक आहे.

रंधा_करवत · १९ ऑक्टोबर, रात्री १०:५०

मेलामाइन घरातल्या फर्निचरचं, उघड्या पडवीत तडकतं. चपडी पाण्याने पांढरी पडते, दिवाणखान्यात शोभते, पावसाच्या झोतात नाही. बाहेरचं पीयू चांगलं आहे, पण ती वरची फिल्म असते. झोपाळ्याला कड्यांची भोकं, स्क्रू, सांधे, सतत हालचाल, कुठेतरी केसाएवढी फट पडतेच आणि पाणी आत गेलं की फिल्मखाली पुन्हा तेच काळं, आणि मग सगळं खरवडा. तुमच्या पाटाला मी आत मुरणारा बाहेरच्या लाकडाचा ऑइल स्टेन सुचवीन, डब्यावर बुरशीरोधक आणि यूव्ही दोन्ही लिहिलेला, हलक्या सागाच्या रंगाचा. तो सोलत नाही, फिका पडतो, फिका पडला की धुऊन वरून आणखी एक हात.

मारायच्या आधी थिनरच्या फडक्याने पाट पुसून घ्या, सागाचं स्वतःचं तेल वर आलेलं असतं ते स्टेन वाळू देत नाही. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी जे वर उरेल ते फडक्याने पूर्ण पुसा, नाहीतर सासूबाईंच्या पांढऱ्या साडीला लागेल. खालचं अंग, चारही कडा, कापलेली टोकं आणि कड्यांच्या भोकाच्या आत बारक्या ब्रशने, तिथे दोनदा-तीनदा, पिईल तेवढं पाजा. वरून चकाचक आणि खालून कोरा ठेवलात तर ओल खालून शिरणार आणि पाट वाकणार.

आणि पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेलाची फडकी वाळताना गरम होतात, ढीग असला तर आपोआप पेट घेतात, खरंच आगी लागल्यात अशा. बाहेर एकेक मोकळं पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

झोपाळावाली · २ नोव्हेंबर, रात्री ९:१५

प्लास्टिकची टेस्ट केली, आत दव नव्हतं, थेंब लगेच जिरला, मगच मिस्त्रीला बोलावलं. भोकांच्या आत त्याने स्वतःहून जुन्या टूथब्रशने स्टेन भरला. दोन हात झाले, चार दिवस हवेशीर ठेवून काल साखळ्या अडकवल्या. वास गेल्यावरच मुलांना बसू दिलं. आता प्रश्न पुढच्या जूनचा, पश्चिमेचा झोत थांबवायचा कसा? बांबूची चिक लावली तर चालेल का, का तिच्यावरच बुरशी येईल?

केमिस्ट_काका · ३ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

बांबूत स्टार्च भरपूर, चिकेवर नक्की येईल. जाड ताडपत्रीचा गुंडाळता येणारा पडदा लावा, खाली वीतभर मोकळं सोडा म्हणजे वारा खेळेल. पाऊस थांबला की वर गुंडाळायचा. आणि साखळीला कड्याच्या चार बोटं वर सुती दोरीचा एक वेढा बांधून टोक बाहेर लोंबतं ठेवा, ओघळ दोरीवरून खाली टपकेल, भोकात उतरणार नाही. दोरी काळी पडली की बदलायची.

समा_सावली · ३ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

दरवाजा उतरवलाय. खालची कड कोरीच होती काका, पेंटचा थेंबसुद्धा नाही. ठोकळ्यांवर ठेवलाय, तोवर जाळीच्या दारावर दिवस काढतोय. वाळला की इथेच लिहिते, सील कशाने करायचं ते तेव्हा सांगा.